‘बियॉन्ड’ येण्याआधी ‘स्पायडर-व्हर्स’चा ठोकळा विकत घ्यावा का?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. ‘बियॉन्ड द स्पायडर-व्हर्स’ची, म्हणजे माइल्स मोरालेस या किशोरवयीन स्पायडर-मॅनच्या ॲनिमेशनपटांतल्या तिसऱ्या भागाची, वाट पाहताना ज्यांना मूळ कॉमिक्स वाचायची आहेत, त्यांनी ‘स्पायडर-व्हर्स’ नावाचा सहाशेहून अधिक पानांचा संग्रह पहिल्यांदा घेऊ नये. पुस्तक वाईट नाही, उलट त्यातली काही पानं अप्रतिम आहेत. पण चित्रपटाने आपल्याला जिथे लटकवून ठेवलंय, त्या प्रश्नांची मुळं या ठोकळ्यात फारशी नाहीत. ती तीन वेगळ्या ठिकाणी आहेत आणि ती तिन्ही मिळूनही एवढं वाचावं लागत नाही.

थोडी उजळणी. दुसरा भाग ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ आपल्याकडे १ जून २०२३ ला लागला, अमेरिकेच्या एक दिवस आधी आणि दहा भाषांत. त्यात मराठीही होती. ही गोष्ट साधी नाही, कारण ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’सारख्या चित्रपटाच्या वेळीही मराठी आवृत्ती निघाली नव्हती. शेवट मात्र अर्ध्यावर सोडलेला. माइल्स चुकून अर्थ-४२ या समांतर विश्वात पोचलेला, तिथे त्याचे वडील गेलेले, आरोनकाका जिवंत आणि प्राउलर या खलनायकाच्या मुखवट्याआड खुद्द दुसरा माइल्स. पुढचा भाग २९ मार्च २०२४ ला यायचा होता. तो लांबला आणि आता जून २०२७ ठरला आहे. एवढा वेळ हाताशी असल्यावर माणूस कॉमिक्सकडे वळणारच, आणि दुकानात किंवा ऑनलाइन शोधलं की सगळ्यात वर येतो तो हाच ठोकळा.

तो घ्यायचाच असेल तर पहिली अडचण नावाची. ‘स्पायडर-व्हर्स’ हे नाव एका पुस्तकाचं नाही. आपण बोलतोय ती २०१४-१५ ची कथामालिका, लेखक डॅन स्लॉट. पण २०१५ सालीच ‘स्पायडर-व्हर्स: वॉरझोन्स’ आलं, ते मार्व्हलच्या ‘सिक्रेट वॉर्स’ या महाकथेच्या धामधुमीतलं निराळं प्रकरण. मग सहा अंकांची एक छोटी ‘स्पायडर-व्हर्स’ मालिका आली, त्यात माइल्स पुढे आहे. २०१८ चं ‘स्पायडर-गेडन’ हा मूळ कथेचा उत्तरार्ध आणि ‘एंड ऑफ द स्पायडर-व्हर्स’ त्याच्याही नंतरचं. ‘एज ऑफ स्पायडर-व्हर्स’ वेगळं मिळतं, ते तर पूर्वपीठिका. मुखपृष्ठावर सगळीकडे डझनभर स्पायडर-मॅन उड्या मारतायत, त्यामुळे चित्र बघून काहीच कळत नाही. मागच्या कव्हरवर बारीक अक्षरांत कुठले अंक घेतले आहेत ते छापलेलं असतं. त्यात ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ (२०१४) चे ७ ते १५ आणि ‘एज ऑफ स्पायडर-व्हर्स’चे १ ते ५ दिसले तरच तो पूर्ण संग्रह. ऑनलाइन घेताना मागच्या कव्हरचा फोटो नसेल तर विक्रेत्याकडे मागावा. निव्वळ नावावर विसंबून मागवलेलं पुस्तक परत करण्यात आठवडा जातो.

कथा सांगायची तर सरळ आहे. मोर्लन नावाचा एक खलनायक २००१ पासून होता. स्पायडर-शक्ती असलेल्या माणसांचा प्राण शोषून तो जगतो. स्लॉटने त्याला अख्खं कुटुंब दिलं. बाप सोलस आणि डेमॉस, जेनिक्स, व्हर्ना, ब्रिक्स, बोरा, कार्न अशी भावंडं. हे इनहेरिटर्स लूमवर्ल्ड या आपल्या विश्वातून निघून एकेका विश्वात शिरतात आणि तिथल्या स्पायडर-मॅनची शिकार करतात. म्हणून उरलेले सगळे एकत्र येतात. ‘जमवाजमव’ ही कल्पना चित्रपटांनी इथून उचलली आणि तिथेच हे नातं जवळपास संपतं. चित्रपटात इनहेरिटर्स नाहीत. ‘कॅनन इव्हेंट’, म्हणजे प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात घडलीच पाहिजे अशी ठरलेली घटना, ही कल्पना कॉमिकमध्ये नाही. मिगेल ओ’हारा, म्हणजे २०९९ सालातला स्पायडर-मॅन, कॉमिकमध्ये खलनायकही नाही आणि सगळ्यांना वेठीला धरणारा पोलीसही नाही. आणि ज्याच्यासाठी आपण तिकीट काढणार, तो माइल्स इथे पाहुणा आहे. ‘टीम-अप’च्या एका अंकात तो १९६७ च्या कार्टूनमधल्या स्पायडर-मॅनला आणायला जातो, तो भाग गोड आहे, पण त्याहून मोठं काम त्याच्या वाट्याला आलेलं नाही.

वाचताना सगळ्यात जास्त लोक अडकतात ते क्रमापाशी. मुख्य कथा ‘अमेझिंग’च्या ९ ते १४ या सहा अंकांत आहे, १५ वा अंक उपसंहार. बाकी सगळं आजूबाजूने चाललेलं. संग्रहात हे जोडअंक एकमेकांत गुंफलेले किंवा गट करून लावलेले असतात, त्यामुळे पहिल्या पानापासून सरळ वाचत गेलं की दोनशे पानांनंतर नेमका कोण कुठल्या विश्वात आहे याचा पत्ता लागत नाही. सोपा मार्ग असा: आधी ‘एज’चे पाच अंक. ते पाचही स्वतंत्र आहेत आणि इथेच पुस्तकाचा खरा पैसा वसूल होतो. मग ‘अमेझिंग’ ९ आणि १०. तिथे थांबून ‘स्पायडर-वूमन’ १ ते ४ नजरेखालून घालायचे, कारण जेसिका ड्रू, म्हणजेच स्पायडर-वूमन, लूमवर्ल्डमध्ये हेरगिरी करायला कशी शिरली ते तिथेच आहे आणि मुख्य कथेत तिची माहिती अचानक हजर होते. मग ११ वा. त्यानंतर ‘स्कार्लेट स्पायडर्स’चे तीन अंक. हे टाळले तर मारलेले इनहेरिटर्स पुन्हा जिवंत कसे होतात आणि नंतर का होत नाहीत, हे समजणारच नाही. उत्तर जेनिक्सच्या क्लोनिंगच्या कारखान्यात आहे. ‘स्पायडर-मॅन २०९९’चे ६ ते ८ त्याच सुमाराला. त्यात मिगेल आणि लेडी स्पायडर एका इनहेरिटरच्या मृतदेहाची चिरफाड करून त्यांची दुबळी बाजू शोधतात. मग १२, १३, १४ सलग. ‘सुपीरियर स्पायडर-मॅन’चे ३२-३३ हे दोन अंक आधी वाचा किंवा नंतर, फारसं बिघडत नाही. फक्त ऑटो ऑक्टेव्हियस, म्हणजे खलनायक डॉक्टर ऑक्टोपस, मूळ स्पायडर-मॅन पीटर पार्करच्या शरीरात काय करतोय, हे आधी ठाऊक असावं.

चित्रांत ऑलिव्हिए कोईपेल आणि जुझेप्पे कामुनकोली हे दोघं आहेत. कोईपेलची पानं पाहत बसावीत अशी आहेत. पन्नास पात्रं एका चौकटीत असतानाही प्रत्येकाची उभं राहण्याची ढब वेगळी. होबी ब्राउन म्हणजे स्पायडर-पंक याच कथेत, ‘अमेझिंग’च्या १० व्या अंकात पहिल्यांदा आला. एक गंमत माहीत असावी: होबी ब्राउन हे नाव मुळात प्राउलरचं. १९६९ मध्ये ‘अमेझिंग’च्या ७८ व्या अंकात तो आला, तेव्हा खिडक्या पुसणारा हुशार पोरगा होता. चित्रपटात शेवटी बांधून ठेवलेल्या माइल्ससमोर प्राउलर उभा आहे आणि त्याला शोधायला निघालेल्या त्याच्या मैत्रिणीच्या, ग्वेन स्टेसीच्या, टोळीत होबी आहे. लेखकांना हे ठाऊक नसेल असं मानणं कठीण.

आता सुरुवातीला म्हटलेल्या तीन जागांपैकी पहिली: ‘एज’चा दुसरा अंक. सप्टेंबर २०१४, लेखक जेसन लातूर, चित्रं रॉबी रॉड्रिगेझ, रंग रिको रेन्झी. स्पायडर-ग्वेनचा, म्हणजे ग्वेन स्वतःच कोळी-शक्तीची नायिका असलेल्या रूपाचा, जन्म इथला. सहाशे पानांच्या पुस्तकातली ही वीस-बावीस पानं मला सगळ्यात मोलाची वाटतात. यातली ग्वेन ‘मेरी जेन्स’ या बँडमध्ये ड्रम वाजवते, तिच्या जगात पीटर पार्करच लिझर्ड नावाचा राक्षस होऊन मेला आणि ठपका तिच्यावर आला. शेवटाकडे तिचे वडील, कॅप्टन जॉर्ज स्टेसी, तिच्यावर पिस्तूल रोखून उभे आहेत. ती हूड मागे सारते, मुखवटा काढते. रेन्झीने इथे गुलाबी आणि निळसर हिरव्या रंगाचे सपाट पट्टे असे टाकलेत की खोलीचा उजेड कुठून येतोय ते कळत नाही, फक्त दोन चेहरे उरतात. आणि वडील तिला जाऊ देतात. चित्रपटात याच प्रसंगी काय होतं आठवा: बाप मुलीला अटक करायला निघतो, तिचे कायदेशीर हक्क वाचून दाखवू लागतो. एकाच प्रसंगाचे दोन रस्ते. चित्रपटाला तिथून परत यायला दोन तास लागतात, आणि परत येताना जॉर्ज स्टेसी म्हणतो की मी पोलिसाची नोकरी सोडली. ग्वेनच्या जगात पाण्यात कालवलेल्या रंगांसारख्या भिंती ओघळतात, तो सगळा देखावा रॉड्रिगेझच्या मुखपृष्ठांवरून आणि रेन्झीच्या रंगांवरून घेतलेला आहे. कॉमिक शेजारी ठेवून चित्रपट पुन्हा पाहिला की हे लख्ख दिसतं.

नोकरी सोडण्याचं महत्त्व कळायला दुसरी जागा गाठावी लागते: ‘अमेझिंग’ अंक ९०, नोव्हेंबर १९७०. स्टॅन ली आणि गिल केन. डॉक्टर ऑक्टोपसशी मारामारी चालू असताना धुराडं कोसळतं, खाली एक मूल आहे, कॅप्टन स्टेसी त्याला ढकलून वाचवतात आणि स्वतः विटांखाली सापडतात. मरताना ते पीटरला नावाने हाक मारतात, म्हणजे त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं, आणि ग्वेनची काळजी घे म्हणतात. मिगेल चित्रपटात ज्या कॅनन इव्हेंटवर अडून बसतो, त्याचं नावच ‘एएसएम-९०’. म्हणजे या अंकाचा क्रमांक. माइल्सचे वडील कॅप्टन होणार, म्हणून ते मरणार, हे सगळं गणित या एका अंकावर उभं आहे. आणि कॅप्टनने नोकरीच सोडली तर? ग्वेनच्या बापाने ते करून दाखवलं आणि तिचं जग कोसळलं नाही. पुढच्या भागाची किल्ली मला इथे दिसते. हा अंक जुन्या अंकांचे संग्रह काढणाऱ्या मार्व्हलच्या एपिक कलेक्शनच्या ‘द डेथ ऑफ कॅप्टन स्टेसी’ या खंडात आहे, त्यात ८६ ते १०४ असे अंक मिळतात. कॉमिक्स कोडची, म्हणजे कॉमिक्सवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, मोहर नसतानाही छापलेले अमली पदार्थांवरचे ९६ ते ९८ हेही त्यातच. जुन्या पद्धतीचं लेखन आहे, फुगे शब्दांनी ओसंडून वाहतात, पात्रं जे करतायत तेच बोलूनही दाखवतात. पहिले दोन अंक जड जातील, मग कान सरावतो.

तिसरी जागा माइल्सच्या स्वतःच्या मालिकेचे पहिले बारा अंक, ब्रायन मायकेल बेंडिस आणि सारा पिकेली यांनी सुरू केलेले. माइल्स पहिल्यांदा ऑगस्ट २०११ मध्ये ‘अल्टिमेट फॉलआउट’च्या चौथ्या अंकात दिसला आणि लगेच ही मालिका निघाली. त्याला चावलेल्या कोळ्यावर ४२ आकडा इथेही आहे. कोळी ऑस्बॉर्नच्या प्रयोगशाळेतला, चोरी करायला गेलेल्या आरोनच्या पिशवीतून आलेला. म्हणजे माइल्सला शक्ती मिळण्यामागे काकाची चोरी आहे. चित्रपटाने याला आणखी एक पीळ दिला: कोळी दुसऱ्याच विश्वातून आला, त्यामुळे ते विश्व स्पायडर-मॅनशिवाय राहिलं. बाराव्या अंकात काका-पुतण्याची मारामारी होते, आरोनचं हत्यार बिघडून त्याच्याच अंगावर उडतं आणि तो मरताना माइल्सला सांगतो, तू माझ्यासारखाच आहेस. पहिल्या चित्रपटातला आरोन नेमकं उलट करतो, पुतण्याला धीर देऊन जातो. आणि दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी कॉमिकमधलं ते वाक्य हाडामांसाचं होऊन समोर येतं: माइल्स खरोखर काकासारखा झाला असता तर कसा दिसला असता, तो समोर उभा आहे. हे बारा अंक वाचलेल्या माणसाला तो प्रसंग दुप्पट लागतो. म्हणून पहिली खरेदी हीच.

आपल्या पवित्र प्रभाकरबद्दल, म्हणजे भारतीय स्पायडर-मॅनबद्दल, वेगळं बोलायला हवं. ठोकळ्यात तो आहे, पण गर्दीत. त्याची मूळ मालिका २००४ ची, चार अंकांची, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांची. मुंबईत घडते. गावाकडून शिष्यवृत्तीवर आलेला मुलगा, भीमकाका आणि मायाकाकू, मीरा जैन, आणि नॉर्मन ऑस्बॉर्नच्या जागी नलिन ओबेरॉय, जो राक्षस बनतो. कोळी चावत नाही, एक योगी शक्ती देतो. धोतर नेसलेला स्पायडर-मॅन ही कांगची रचना आजही नजरेत भरते. पण कथा पीटरच्या आयुष्याचा तक्ता तसाच उतरवते, नावं तेवढी बदलते, आणि मुंबई पार्श्वभूमीच्या पडद्यापुरती उरते. चित्रपटाने हे दुरुस्त केलं. मुंबात्तनमधल्या (मुंबई आणि मॅनहॅटन मिळून केलेलं काल्पनिक शहर) पवित्रला स्वतःची ऐट आहे, मनगटावरच्या कड्यांतून तो जाळं यो-योसारखं सोडतो, आणि त्या शहराचे रंग इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतले आहेत. ज्या घरांत ‘वेताळ’चे मराठी अंक पोत्याने जपलेले आहेत, त्यांनी ते शेजारी ठेवून पाहावं: किंचित सरकलेली रंगछपाई, पिवळट कागदाची झाक, जाड काळी रेघ. २०२३ मध्ये पवित्रची पाच अंकांची नवी मालिका आली, लेखक निकेश शुक्ला, त्यात त्याचा पोशाख चित्रपटासारखा झाला. ‘अक्रॉस’मध्ये तिथल्या इन्स्पेक्टर सिंगला माइल्सने वाचवलं आणि पवित्रच्याच शहरात भोक पडलं, त्यामुळे ‘बियॉन्ड’मध्ये मुंबात्तनला परत जावं लागेल असं दिसतं. या वेळी तो दहा मिनिटांचा पाहुणा नसावा, एवढी इच्छा आहे.

पुस्तक म्हणून ठोकळा कसा आहे? एवढ्या पानांची मऊ कव्हरची प्रत डिंकाने चिकटवलेली असते, शिवलेली नसते. नवीन प्रत मधोमध उघडून सपाट दाबली की पाठीवर पांढरी रेघ उमटते आणि काही महिन्यांत तिथूनच पानं सुटायला लागतात. सुरुवातीची आठ-दहा पानं, मग शेवटची आठ-दहा, मग पुन्हा पुढची, असं दोन्ही बाजूंनी आत येत हलकेच दाबत गेलं की पाठ सारखी वाकते. तरीही दोन पानांवर पसरलेल्या चित्रांचा मधला बोटभर भाग पाठीजवळच्या घळीत जातो, आणि या कथेत अशी चित्रं भरपूर आहेत. कोईपेलची गर्दीची पानं इथेच मार खातात. हार्डकव्हर मिळत असेल आणि परवडत असेल तर तेच घ्यावं, ते जास्त सपाट उघडतं. पण मांडीवर धरून वाचण्यासारखं नाही. टेबल हवं.

कागद गुळगुळीत, लेप दिलेला. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात हा कागद ओल धरतो आणि गडद रंगाची पानं एकमेकांना चिकटतात. चिकटलेली पानं ओढली की रंगच सोलून निघतो. त्यामुळे पुस्तक भिंतीला टेकवून ठेवू नये, उभं ठेवावं, पण दाटीवाटीने नाही. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा पंख्याखाली पानं फडफडवावीत. बाहेरून आणलेलं जाड पुस्तक पार्सलमध्ये कोपऱ्यावर आपटतं, म्हणून खोकं उघडतानाच चारही कोपरे आणि पाठीचं वरचं टोक तपासावं.

डिजिटल हा स्वस्त मार्ग. मार्व्हल अनलिमिटेड या ॲपच्या वर्गणीत यातले जुने अंक सगळे वाचता येतात, नवे अंक सुमारे तीन महिन्यांनी येतात. एक महिन्याची वर्गणी भरून ‘एज’ क्रमांक २, ‘अमेझिंग’ ९० आणि माइल्सचे बारा अंक वाचून काढणं अगदी आरामात जमतं. मात्र मोबाइलच्या पडद्यावर एकेक चौकट दाखवणारी सोय चालू असेल तर ग्वेनच्या त्या पानाची मांडणीच हरवते. टॅब्लेट उभा धरून पूर्ण पान बघावं. ५० वर्षांपूर्वीचे अंक मात्र चौकट-चौकट वाचायला बरे, अक्षरं बारीक आहेत.

मुलांसाठी घेत असाल तर एक सूचना. ‘एज’चा चौथा अंक भयकथा आहे, शरीराची विटंबना दाखवणारी, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या हातात तो जाऊ नये. मुख्य कथेतही ओळखीचे स्पायडर-मॅन पटापट मरतात, प्राण शोषून वाळलेली शरीरं दिसतात. चित्रपट पाहून हरखलेल्या मुलाला हे अपेक्षित नसतं. त्याच्यासाठी ‘एज’चा दुसरा अंक आणि पाचवा, पेनी पार्करचा, एवढे निवडून द्यावेत. पाचवा सोळा-सतरा मिनिटांत वाचून होतो आणि पेनी ‘बियॉन्ड’मध्ये ग्वेनच्या टोळीत असणारच आहे.

तर खरेदीचा क्रम: माइल्सचे पहिले बारा अंक, मग कॅप्टन स्टेसीचा एपिक खंड किंवा निदान त्यातला ९० वा अंक, मग ग्वेनचा अंक. हे झाल्यावरही भूक उरली, इनहेरिटर्सची लांबलचक लढाई आणि कोईपेलची चित्रं हवीच वाटली, तर ठोकळा. तोपर्यंत तो दुकानातच राहू दे.